दादा गेल्यावर: भाऊही असलेल्या आणि मित्रही असलेल्या माणसाची आठवण कशी जपायची

भाऊ गेला की घरी भेटायला येणारा जो तो बहिणीला एकच सांगतो, आता आईबाबांना तूच सांभाळायचं, वहिनीला धीर द्यायचा, पोरीकडे बघायचं. सगळं बरोबरच असतं आणि आपण ते करतोही, पण आपलाही तो कोणीतरी होता, रात्री अकरा वाजता फोन करून तासभर बडबडावं असा एकच माणूस होता, हे कुणाच्या फारसं लक्षात येत नाही. मी हे त्या बहिणींसाठी आणि धाकट्या भावांसाठी लिहितेय ज्यांचा दादा गेलाय आणि ज्यांना आता भीती वाटतेय की आपण त्याला हळूहळू विसरणार. ती भीती मलाही होती, अजून आहे. पण आठवण टिकावी म्हणून करण्यासारखी बरीच कामं असतात, अगदी हातानी करायची कामं, आणि त्यातली काही वेळेत करावी लागतात म्हणून आधी तीच सांगते.

सगळ्यात आधी त्याचा फोन. विकायचा नाही, एक्सचेंजमध्ये द्यायचा नाही, फॉरमॅट तर अजिबात नाही, आणि कुणी म्हणालं की नंबर बंद करून टाकू तर थोडं थांबा म्हणायचं. प्रीपेड नंबर 90 दिवस काहीच वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो, मग बँकेपासून ईमेलपर्यंत सगळीकडचे ओटीपी जायचे कुठे? म्हणून छोटं रिचार्ज चालू ठेवा आणि मधूनमधून त्यावरून एखादा कॉल करा. व्हॉट्सॅपचं वेगळंच आहे, 120 दिवस अकाउंट वापरात नसेल तर ते साधारणपणे डिलीट होतं. तुमच्या फोनमधलं चॅट तुमच्याकडे राहतं पण त्याचा डीपी, त्याचं स्टेटस वगैरे जातं, त्यामुळे त्याचे स्क्रीनशॉट आधीच घेऊन ठेवा.

आता तुमच्या स्वतःच्या फोनमधलं त्याचं चॅट उघडा आणि एक्सपोर्ट चॅट करा, मीडियासकट. मीडियासकट केलं तर अलीकडचे साधारण 10,000 मेसेज येतात आणि मीडियाशिवाय 40,000 पर्यंत, म्हणून दोन्ही प्रकारे करून ठेवा. आईला, बाबांना, मामेभावांना, प्रत्येकाला आपापल्या फोनवरून हेच करायला लावा. व्हॉइस नोट्सच्या फाइल ओपस नावाच्या प्रकारात येतात आणि त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे असतात, सहा महिन्यांनी काही कळत नाही कुठली काय, तर निदान दहा-वीस फाइलींना तरी नाव द्या, कुणाला पाठवली होती आणि कशाबद्दल होती ते. ऐकवत नसेल तर आत्ता ऐकू नका, नुसतं कॉपी करून ठेवा, एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक हार्डडिस्कवर आणि एक गुगल ड्राइव्हवर.

माझ्याकडे त्याची एक व्हॉइस नोट आहे, जेमतेम काही सेकंदांची. "ऐक ना, येताना अर्धा किलो गवार घेऊन ये, आई सांगायला विसरलीये, आणि कोवळी बघून घे गं, मागच्या वेळी दोरखंड आणले होतेस." मागे बसचा हॉर्न वाजतोय आणि कुणीतरी दोन कटिंग सांगतंय. त्याच्या लग्नाच्या व्हिडिओत तो छान बोललाय, ऑफिसच्या कार्यक्रमातलं भाषणही आहे, पण तो जसा होता तसा या गवारीत आहे. म्हणून महत्त्वाच्या फाइल शोधत बसू नका, बिनमहत्त्वाच्या आधी ठेवा.

एक गोष्ट मात्र पाळायलाच हवी. फोनवर पहिला हक्क वहिनीचा. ती म्हणेल तेव्हा आणि ती म्हणेल तेवढंच बघायचं, त्यांची दोघांची चॅट तर उघडायचीच नाही. त्याच्या मित्रांबरोबरच्या खाजगी गप्पाही वाचत बसू नका, तो असता तर त्याने वाचू दिल्या असत्या का, एवढं स्वतःला विचारा. भाऊ लग्न झालेला नसेल तर आईबाबांना विचारा, पण नियम तोच.

गुगलचं अकाउंट दोन वर्षं वापरलंच नाही तर गुगल ते सगळ्या फोटो आणि मेलसकट डिलीट करू शकतं, त्यामुळे फोटो उतरवून घ्यायचं काम वर्षाच्या आत उरका. आयफोन असेल आणि त्याने हयात असताना लेगसी कॉन्टॅक्ट म्हणून कुणाला नेमलं असेल, तर त्या माणसाला अ‍ॅक्सेस की आणि मृत्यू दाखला देऊन डेटा मिळतो, पण तो तीनच वर्षं. फेसबुकला कळवलं की ते प्रोफाइल स्मरणार्थ ठेवतात, नावापाशी 'रिमेंबरिंग' असं येतं आणि दरवर्षी वाढदिवसाला लोकांना नोटिफिकेशन जाणं थांबतं. हे करायचं की नाही ते घरात बोलून ठरवा, काहींना ते नोटिफिकेशनच हवं असतं कारण त्या दिवशी लोक चार ओळी लिहितात. दाखल्याच्या भरपूर प्रती काढून ठेवा. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि ती वेळेत झाली की पुढचं सगळं सोपं जातं.

त्याच्या मित्रांकडे जा

माझ्या मते यातलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि हेच बहुतेक घरांत राहून जातं.

घरातला दादा आणि कट्ट्यावरचा दादा हे दोन वेगळे असतात. घरात तो कमी बोलायचा, जेवताना मोबाइल बघायचा, आई ओरडली की हसायचा. मित्रांमध्ये तो गायचा! मला माहीतच नव्हतं. त्याच्या मित्राने सांगितलं की रात्रीच्या ट्रेकला सगळे पेंगायला लागले की पुढे चालता चालता हा जुनी भावगीतं म्हणायचा, सगळी कडवी पाठ. मी त्याच्याबरोबर इतकी वर्षं राहिले, भांडले, एका ताटात जेवले आणि हे मला तो गेल्यावर कळलं. म्हणजे अर्धा दादा त्यांच्याकडे आहे, आणि आपल्याकडचा अर्धा त्यांनाही हवा असतो, फक्त विचारायचं कसं हे त्यांना कळत नाही.

मित्र घरी यायला कचरतात. दहाव्याला, तेराव्याला येतात, कोपऱ्यात उभे राहतात, मग जाऊ का म्हणतात. काकूंसमोर कसं जायचं, आपल्याला बघून त्यांना त्रास होईल, असं त्यांच्या मनात असतं. तर फोन तुम्ही करा. "दादाबद्दल सांग ना काहीतरी" असं म्हणू नका, समोरचा गोंधळतो आणि "खूप मोठ्या मनाचा होता गं" एवढं बोलून गप्प होतो. नेमकं विचारा. पहिल्यांदा कुठे भेटलात, तेव्हा त्याने काय घातलं होतं, तुमचं सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालं, आधी कोण बोललं, हॉटेलात तो नेहमी काय मागवायचा, गाडी कशी चालवायचा, आमच्याबद्दल घराबाहेर काय बोलायचा. आणि हेही विचारा की त्याने कुणाकडून उसने घेतले होते का आणि कुणाला दिले होते का. हे हिशोबासाठी तर विचाराच, कुणाचे देणे असतील तर ते फेडून टाकलेले बरे, पण त्यातून गोष्टीही निघतात. आमच्याकडे एका मित्राने मान खाली घालून सांगितलं की त्याच्या धाकट्या बहिणीची परीक्षेची फी दादाने भरली होती आणि घरी सांगू नको म्हणाला होता.

बोलताना फोनचा रेकॉर्डर लावा, आधी विचारून. चहा ठेवा, घाई करू नका, पहिली पंधरा मिनिटं इकडचं तिकडचंच होतं आणि मग माणूस खुलतो. दोघातिघांना एकत्र बोलावलंत तर जास्त चांगलं, एक म्हणतो हरिश्चंद्रगडावर झालं ते, दुसरा म्हणतो नाही रे तो नाणेघाट होता, आणि त्या वादावादीत बारीकसारीक सगळं बाहेर येतं. शक्यतो पहिल्या वर्षातच करा हे, नंतर पोरं नोकरीसाठी बेंगळुरूला, दुबईला पांगतात, गोष्टीही गुळगुळीत होतात आणि सगळे एकच दोन किस्से परत परत सांगायला लागतात.

त्यांच्या व्हॉट्सॅप ग्रुपमधून त्याचा नंबर काढू नका असं त्यांना सांगा आणि तुम्हाला ग्रुपमध्ये घ्यायचं ठरलं तर त्यांची नेहमीची चेष्टामस्करी बंद पडू देऊ नका.

कपडे आणि गोधडी

कपडे देऊन टाकायची घाई लोक करतात, तेराव्यालाच पिशव्या भरल्या जातात. द्यायचे ते द्या, कुणाच्या तरी अंगाला लागतील, पण त्याच्या रोजच्या वापरातले सुती शर्ट आधी बाजूला काढा. आपल्याकडे यासाठी फार चांगली गोष्ट आहे, गोधडी. घरात आजी, मावशी, कुणी शिवणारं असेल तर उत्तम, नसेल तर गोधड्या शिवून देणाऱ्या बायका बऱ्याच गावांत आणि पुण्यातही मिळतात.

शर्ट एकदा धुवून घ्या. (एक शर्ट न धुता ठेवावासा वाटेल, तर तो ठेवा घट्ट बंद पिशवीत, वास फार काळ टिकत नाही हे मात्र धरून चाला.) मग शिवणी उसवून पाठ, दोन्ही पुढे आणि बाह्या वेगवेगळ्या करा. कॉलर आणि कफ जाड असतात, सुई जात नाही, ते घेऊ नका. खिसा मात्र काढू नका, पुढचा तुकडा खिशासकट घ्या, आमच्या गोधडीत एका खिशावर निळ्या पेनाचा डाग आहे आणि आई रोज रात्री तिथेच हात ठेवते. पॉलिस्टरचे आणि टीशर्टचे ताणले जाणारे तुकडे सुतीबरोबर मिसळू नका, धुतल्यावर चुण्या पडतात. आत घालायला आईचं जुनं सुती लुगडं किंवा साडी घ्या, दोन-तीन पदर पुरतात, जास्त घातले तर गोधडी जड होते आणि शिवणाऱ्याची बोटं दुखतात. सगळे थर जमिनीवर पसरून, हाताने सपाट करून आधी लांब टाके घालून पक्के करायचे, मग कडेपासून सुरू करून आत आत धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचं. दोरा जाड सुती हवा. महिना-दोन महिने लागतात फावल्या वेळात, आणि हा वेळच खरा कामाचा असतो कारण एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला वहिनी, मध्ये मी अशा बसलो की हा शर्ट त्याने कुठल्या दिवाळीला घेतला होता हे आपोआप निघतं. ज्या आईने कित्येक आठवडे त्याचं नाव घेतलं नव्हतं ती सुईत दोरा ओवता ओवता बोलायला लागली.

दिवस कुठले आणि कसे

तिथी की तारीख यावरून घरात वाद होतातच. वर्षश्राद्ध तिथीने करतात, ऑफिसातले आणि मित्र तारखेने फोन करतात, आणि दोन्हींत बराच फरक पडू शकतो. 2025 मध्ये भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती, 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 11 नोव्हेंबरला. म्हणून दोन्ही दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि कामं वाटून टाका, तिथीला घरचे विधी, तारखेला मित्रमंडळी. त्या दिवसापेक्षा आधीचे आठ दिवस जास्त जड जातात हे माहीत असू द्या, ऑफिसात मोठी कामं तेव्हा घेऊ नका.

गेल्याच्या दिवसापेक्षा वाढदिवस मोठा करा, असं माझं मत आहे. प्रथम पुण्यस्मरणाचे फ्लेक्स लागतात चौकात, पासपोर्ट फोटो, खाली दहा नावं, शोकाकुल अमुक मित्रमंडळ. ज्यांनी लावले त्यांची माया खरी असते, पण बघणाऱ्याला त्यातून दादा कोण होता ते काही कळत नाही. वाढदिवसाला त्याच्या आवडीचं जेवण करा, मित्रांना बोलवा, रेकॉर्ड केलेल्या गोष्टींतली एखादी सगळ्यांना ऐकवा. घरात लावायच्या फोटोचंही तेच, टाय लावलेला नको, ज्यात तो त्याच्यासारखा दिसतो तो लावा, केस विस्कटलेले असले तरी.

राखी आणि भाऊबीज यांचं काय करायचं हे मला पुष्कळ जणी विचारतात. भाऊ नसेल तर चंद्राला ओवाळायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि पहिल्या वर्षी मी तेच केलं, गच्चीवर निरांजन नेऊन. दुसऱ्या वर्षी दादाचे दोन मित्र स्वतःहून आले, म्हणाले ताई आम्हाला ओवाळ. मी ओवाळलं. तुमच्याकडे असं कुणी आपणहून आलं नाही तर तुम्ही बोलवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि नाही करायचा वाटला सण तर त्या दिवशी गावाला निघून जा, तेही चालतं. त्याच्या मुलीला मात्र सणापासून तोडू नका.

त्याच्या नावाने काही करायचं असेल तर

त्याला ज्याची आवड होती तेच करा. रक्तदान शिबिर सगळ्यांना सुचतं आणि ते चांगलंच आहे, त्यासाठी मान्यताप्राप्त रक्तकेंद्राशी महिनाभर आधी बोला, एप्रिल-मेमध्ये कॉलेजं बंद असतात तेव्हा रक्ताची चणचण असते, तुमची तारीख तिथे येत असेल तर ते नक्की करा. देणारा 18 ते 65 वयाचा, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन निदान 12.5, आणि आधीचं दान पुरुषांचं तीन महिन्यांपूर्वीचं, बायकांचं चार महिन्यांपूर्वीचं, एवढं मेसेजमध्येच लिहा म्हणजे आलेल्या माणसाला परत जावं लागत नाही. झाड लावायचं तर जून-जुलैत, आणि इथलंच लावा, जांभूळ, बकुळ, कडुनिंब, करंज, गुलमोहर आपला नाही, तो मादागास्करचा. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय लावूच नका, दादाच्या नावाचं झाड वाळलेलं आईला बघावं लागू नये.

दादा किल्ल्यांवर जाणारा असेल तर वर्षातून एकदा त्याचा आवडता किल्ला करा. आम्ही राजगड करतो. गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट चढाची आहे, शेवटी कातळ आणि रेलिंग, सवय नसलेल्यांना पाली दरवाजाकडून न्या, तिकडे पायऱ्या आहेत. आईबाबांना वर जमत नसेल तर त्यांना गुंजवण्यात एखाद्या घरी पिठलं-भाकरी सांगून बसवा, गड तिथूनही दिसतो आणि आपण उतरेपर्यंत ते घरातल्यांशी दादाबद्दल बोलत बसतात. वर त्याच्या नावाची पाटी लावू नका, दगडावर नाव लिहू नका, टाक्यांत अस्थी सोडू नका. राजगड 2025 पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि नसता तरी ते पाणी लोक पितात. त्याऐवजी पोतं घेऊन जा आणि प्लास्टिक गोळा करून खाली आणा, तो तेच करायचा.

लिहा, राग आला तरी

एक वही करा. सुंदर लिहायचा प्रयत्न करू नका, तारीख टाका आणि जे आठवलं ते लिहा, दोन ओळी आल्या तरी पुरे. राग येईल, त्याच्यावर, डॉक्टरांवर, देवावर, तोही लिहा. 1296 मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली, तेव्हा नामदेव त्यांचे जिवलग होते आणि निवृत्तीनाथ सख्खे थोरले भाऊ, आणि नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत या सगळ्यांचा शोक आहे, आवरलेला नाही, उघडा. तुकोबा गेल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने, कान्होबाने, अभंगांत विठ्ठलाशी चक्क भांडण मांडलंय, माझा भाऊ परत दे म्हणून. आपल्या भाषेत भावासाठी देवाला धारेवर धरायची सोय साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे, तेव्हा "असं बोलू नये" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

त्याचे दोषही लिहा. तो उशिरा यायचा, पैसे उडवायचा, बाबांशी महिना महिना बोलायचा नाही, जे असेल ते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण फक्त चांगलं लिहीत गेलं की काही वर्षांत तो कुणीतरी संतपुरुष होतो आणि आपला दादा त्यात सापडत नाही. भाची मोठी झाल्यावर तिला बाबा हवा असणार, फोटोतला देव नको. ती आत्ता विचारते, बाबा तुझ्याशी भांडायचा का? हो म्हणून सांगा, आणि कशावरून ते पण सांगा. मुलांना "देवाला आवडला म्हणून नेला" असं सांगू नका, पोरं मग देवाला घाबरतात. बाबा आजारी होता, डॉक्टरांनी प्रयत्न केले, तो गेला आणि परत येणार नाही, हे साध्या शब्दांत सांगितलेलं त्यांना कळतं.

आणि हे सगळं करताना झोप उडाली, जेवण जाईना, जगायचा कंटाळा आल्यासारखं वाटायला लागलं तर टेली मानसच्या 14416 या सरकारी नंबरवर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. भाऊ गेलेल्या बहिणीला एवढं होतं का असा विचार करू नका. होतं.

शेवटचं काम फाइलींचं. चॅट, व्हॉइस नोट्स, मित्रांची रेकॉर्डिंग, वहीचे फोटो, सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाव साधं द्या, आणि पासवर्ड वहिनीला आणि त्याच्या एका मित्राला सांगून ठेवा, फक्त तुमच्याकडे नको. दर दिवाळीच्या आधी एकदा हार्डडिस्क लावून फाइली उघडतायत ना बघा, आणि चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर कॉपी करा. भाची अठराची झाली की तिला एक कॉपी द्यायची आहे हे आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.